सावरीचा कापूस

मंगळवारी सकाळी ऑफिसला निघताना माझा उजवा मोजा ओला झाला. बूट दाराशी, मोजे पायात, हातात डबा, आणि खिडकीखालच्या माशांच्या पेटीजवळून जाताना पाऊल एकदम गार पडलं. घरात पाणी सांडणं ही काही बातमी नव्हे. माझी बायको सुगंधा लादी पुसते तेव्हा निम्मी बादली लादीवरच ठेवून जाते, असं मी तिला नेहमी चिडवतो. पण पुसलेलं पाणी पायाला पसरट लागतं. हे पाणी एका जागचं होतं, बारीक, दमादमानं आलेलं, आणि ते माझ्या तळपायानं माझ्याआधी ओळखलं. मी तिथेच उभा राहिलो. कणकवलीत, दुसऱ्या मजल्यावर, समुद्रापासून एसटीच्या दीड तासावर, एका कॉलेजच्या कार्यालयातला पंचेचाळीस वर्षांचा हेडक्लार्क ओला मोजा घालून उभा. माझ्या समोर प्लास्टिकच्या खुर्चीत बाबा बसले होते. त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं, मग पेटीच्या खालच्या कोपऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पाणी येता." तेवढंच. मी मोजा बदलला आणि गेलो.

पेटी सात वर्षांची. वर्षाली आठ वर्षांची असताना तिनं हट्ट धरला म्हणून कोल्हापूरहून आणलेली, अडीच फुटी, काचेची. तेव्हा आमच्या मालवणच्या नातेवाइकांनी माझी यथेच्छ चेष्टा केली होती. ज्याच्या सात पिढ्यांनी मासे मारले आणि विकले, तो आता त्यांना दाणे घालतो, पाणी बदलतो आणि मेल्यावर पुरतो! चार वर्षांपूर्वी आई गेली आणि बाबा माझ्याकडे राहायला आले, तेव्हा त्यांनीही पेटीभोवती एक फेरी मारून विचारलं होतं, "ह्यांचा कालवण तरी होतला काय?" वर्षाली तेव्हा दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. आता ती कोल्हापुरात मावशीकडे शिकायला आहे, आणि पेटीत एकच मासा उरला आहे, एक म्हातारा गोल्डफिश. बाबांनी त्याचं नाव मामलेदार ठेवलंय, कारण तो दिवसभर नुसता इकडून तिकडे फिरतो आणि काम काही करत नाही. बाबा त्याला नावं ठेवतात आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच्यासमोर बसून असतात. डॉक्टरांनी जिने चढू-उतरू नका म्हणून सांगितलंय. हृदय दमलंय म्हणाले. तेव्हा बाबांचा समुद्र म्हणजे ही अडीच फूट पेटी. ती फेकून देऊ असं सुगंधा म्हणाली, ते चुकीचं नव्हतं, पण मला ते झेपणारं नव्हतं.

खरं कारण वेगळं होतं, आणि ते सांगूनच टाकतो, कारण एरवी मी ते कोणालाच सांगितलेलं नाही. महादू माझा थोरला भाऊ. तो बुडाला तेव्हा चोवीस वर्षांचा होता आणि मी वीसचा. त्या वर्षी श्रावणात, नारळी पौर्णिमेच्या आधी, बाबांनी होडी ओढून माडाखाली घेतली होती आणि फळ्यांचे सांधे भरायला काढले होते. सांध्यातला जुना कुजका कापूस छिन्नीनं उसवायचा, फट कोरडी करायची, नवा कापूस मोगरीनं ठासून भरायचा आणि वर तेलात कालवलेली राळ. बाकीचे सांधे बाबांनी आणि महादूनं भरले. डाव्या बाजूचा मागचा, हातभर लांबीचा सांधा माझ्या वाट्याला आला. मला त्या दिवशी घाई होती. कॉलेजातल्या एका मुलीचं पत्र यायचं होतं आणि पोस्टमनच्या आधी मला दारात असायला हवं होतं. मी जुना कापूस वरवर ओरबाडला, आत राहिला तो राहू दिला. नवा कापूस मध्येच संपला. बाजारात जाऊन आणायला तास गेला असता. मी घरात गेलो, आईची उशी एका कडेनं उसवली, त्यातला सावरीचा कापूस मूठभर काढला आणि सांध्यात कोंबला. वरून राळ चोपडली. राळेखाली सगळंच सारखं दिसतं. पत्र त्या दिवशी आलं नाही, नंतरही आलं नाही. पौर्णिमेला नारळ वाहिला आणि चौथ्या दिवशी महादू आणि त्याच्या जोडीचा सगुण तांडेल होडी घेऊन गेले. दुपारी वारा फिरला. सगुण एका डब्याला धरून पोहत आला, महादू पाचव्या दिवशी तळाशीलच्या किनाऱ्याला लागला. सगुण आमच्या अंगणात बसून थरथरत एकच सांगत होता, "पाणी खालसून इला, खालसून इला." होडी कधी सापडलीच नाही. मी माडाला टेकून उभा होतो आणि माझ्या नखांत अजून राळ होती.

तेव्हापासून पंचवीस वर्षं मला बाबांना एक वाक्य सांगायचं होतं. ते वाक्य मी एसटीत, कॉलेजच्या फायलींमध्ये, वर्षालीच्या बारशाला, आईच्या तेराव्याला, सगळीकडे मनात जुळवलेलं आहे. बाबा, तो सांधा मी भरला होता. सहा शब्द. कधी ते पुढे सरकायचे आणि बाबा नेमके तपकीर शोधायला उठायचे. कधी वाटायचं, आज नको, आज ते धड जेवलेत. मग मी कणकवलीत नोकरी धरली, होडीत पुन्हा पाय ठेवला नाही, घरी गेलो तर दुपारच्या गाडीनं परत. आईला वाटायचं मी शहराळलो. आई गेल्यावर तिची उशी माझ्या हातात आली. एका बाजूनं कायमची बसलेली. त्या चपट्या बाजूवर ती एकवीस वर्षं निजली. मी ती उशी कुठे टाकली, ते मला आठवत नाही, आणि आठवत नाही हे खोटं आहे. आणि आता डॉक्टर म्हणाले होते हृदय दमलंय. वेळ संपत चाललीय हे कळायला मला डॉक्टर लागला, एवढा मी हुशार.

त्या मंगळवारी संध्याकाळी एसटी स्टँडजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदार प्रितेश आमच्या कॉलेजचा माजी विद्यार्थी. त्यानं सिलिकॉनची नळी दिली, ती दाबायची बंदूक दिली आणि म्हणाला, "सर, जुनं सगळं काढून मग लावा हां." मी म्हणालो, "माहीत आहे." हेडक्लार्कला सगळंच माहीत असतं. घरी येऊन मामलेदाराला बादलीत ठेवलं, पेटी रिकामी केली, पुसली, आणि जिथे ओल दिसत होती तिथे बाहेरून, काचेच्या जोडावर, सिलिकॉनची जाड रेघ ओढली. आंबट वास घरभर झाला. ताडी आंबून गेल्यावर येतो तसला. सुगंधा नाकाला पदर लावून फिरत होती. रेघ मात्र झकास आली होती. बुधवारभर सुकू दिली, गुरुवारी संध्याकाळी पाणी भरलं आणि खाली वर्तमानपत्र पसरलं. अर्ध्या तासात वर्तमानपत्राचा कोपरा करडा झाला. बाबा खुर्चीतून वाकून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर पुष्कळ दिवसांनी मजा दिसत होती.

"हेका होडी समाजलंस काय रे?" ते म्हणाले. "होडयेक पाणी भायरसून भुतूर येता, म्हणान भायरसून भरतत. हेचा पाणी भुतूरसून भायर जाता. भायरसून कितीय थाप, पाणी तेका ढकलून देतला. भुतूरसून लाव."

सात पिढ्यांच्या सवयीनं माझा हात आपोआप बाहेरच्या बाजूला गेला होता. समुद्र सोडला म्हणून मी स्वतःला केवढा शहाणा समजत होतो, आणि हात मात्र अजून माडाखालीच बसला होता. सुगंधाला हसू आवरेना. ती दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या माहेरी मसुऱ्याला जाणार होती, आंगणेवाडीच्या जत्रेला, घरात पाहुण्यांचा नुसता गोतावळा असतो म्हणून दोन दिवस आधीच. पिशव्या भरताना तिनं निकाल दिला, "ऐतवारी मी येयपर्यंत एकतर ही पेटी सुकी व्हयी, नायतर भायर व्हयी. तुमी बापूस-झील मिळान ठरवा."

शुक्रवारी मी रजा टाकली. घरात आम्ही दोघंच, आणि बादलीत मामलेदार. घरात बाई नसली की आम्ही बापलेक एकमेकांशी फार जपून वागतो, एखाद्या ऑफिसात नवे बदलून आलेले दोन कारकून वागावेत तसे. चहा घेता? घेतंय. साखर? चलात. पेटी मी जमिनीवर गोणपाटावर आडवी केली, शेजारी दाढीची पाती, स्पिरिटची बाटली, वर्षालीचा जुना सुती फ्रॉक फाडून केलेल्या चिंध्या. बाबा खुर्ची सोडून जमिनीवर येऊन बसले. डॉक्टरांनी जमिनीवर बसू नका असं काही सांगितलं नव्हतं, तेव्हा मी बोललो नाही. "जुना सगळा काढूक व्हया," ते म्हणाले, "जुन्यार नया धरणा नाय." प्रितेशनं सांगितलेलं तेच, पण आता ते ऐकण्यासारखं वाटलं.

सिलिकॉन खरवडणं हे चेंगट काम आहे. पात्यानं एक कड सोडवायची, चिमटीत धरून हळूच ओढायचं. कधी वीतभर सलग निघतं आणि मनाला बरं वाटतं, कधी डाळीएवढा तुकडा नखाला चिकटून बसतो. आत, पाण्याच्या बाजूला, जोडावरचं सिलिकॉन पिवळं पडलं होतं, कोपऱ्यात शेवाळानं काळं. बाबांना मोतीबिंदूमुळे नीट दिसत नाही, पण ते मी खरवडलेल्या काचेवरून अंगठ्याचं नख फिरवत आणि थांबत. नख थांबलं की तिथे काहीतरी राहिलेलं असे. ऊन खिडकीतून सरकत गोणपाटावर आलं. खाली रस्त्यावर डेपोत वळणाऱ्या गाड्यांचे गिअर बदलल्याचे आवाज. मला मोगरीची टकटक ऐकू यायला लागली, खरोखरच ऐकू यायला लागली, आणि महादूचं पाठमोरं अंग, उन्हानं सोललेल्या खांद्यांचं, आणि तो न वळता म्हणतोय, "गुरगो पत्राची वाट बगता, बाबा." गुरगो म्हणजे मी, गुरू; तो मला चिडवत होता. मी नेटानं खरवडत राहिलो. आज सांगायचं, मी ठरवलं. आज घरात कोणी नाही, आणि हात कामात आहेत म्हणजे तोंडाकडे बघावं लागणार नाही. पुढचा कोपरा झाला की सांगायचं. तो झाला. मग म्हटलं, मागचा झाला की.

मागच्या कोपऱ्यात, तीन काचा जिथे मिळतात तिथे, पातं पोचेना. मी दोनदा घातलं, चिंधीनं पुसलं आणि बंदूक उचलली. बाबांचं नख तिथे गेलं आणि थांबलं.

"हंय रवला हां."

"थोडासाच आसा, बाबा. चलात."

"थोडासाच!" बाबा हसले. "तुझी ही खोड जुनीच. तेवाय जुनो कापूस तसोच भुतूर ठेवलंस, आणि वरसून आवशीच्या उशयेतलो सावरेचो कापूस कोंबलंस. सावरेचो कापूस कोण घालता रे सांद्यात? तो पाणी पिणा नाय, फुगणा नाय. नुसतो तरंगता."

माझ्या हातातली बंदूक मी खाली ठेवली की ती पडली, ठाऊक नाही. नळीच्या टोकातून सिलिकॉनचा एक पांढुरका थेंब गोणपाटावर येत होता, आणि मी त्याच्याकडे बघत होतो. त्या कापसाबद्दल जगात एकालाच माहीत होतं. मी ते बायकोला सांगितलेलं नाही. मी ते देवाला सांगितलेलं नाही.

"तुमका कसा कळला?" मी विचारलं.

"कसा म्हणजे? मीच काढलंय ना तो. दुसऱ्या दिवशी तू कॉलेजाक गेलंस आणि मी तो सांदो आख्खो उसवलंय. उशयेचा तांबडा सूतय गावला तेच्यात." ते अजून कोपऱ्यावरून नख फिरवत होते. "मगे बाजारात जावन बरो कापूस हाडलंय आणि परत भरलंय. तुका सांगूक नाय. हात तुझो पेनाचो, सांद्याचो न्हयच, तेका तू काय करतलंस? वायट वाटला आसता तुका."

एक गाडी डेपोत वळली. बाबांचा अंगठा काचेवर थांबला होता, आणि चेहऱ्यावरचं हसू हळूहळू निघून गेलं, कारण ते आता त्याच्या पुढच्या दिवसांपाशी पोचले होते.

"तो सांदो मी भरलेलो, गुरू," ते म्हणाले. "मी सांगूक नाय, तरी तुका ठावक आसा तां. सगुण अंगणात बसान म्हणालो, पाणी खालसून इला, तेवाच माका कळला. बाकीचे सांदे धा वर्सां तशेच भरीत इलेलंय, ते कधी गेले नाय. तो घायघायत भरलेलो. पौर्णिमा आडवी इली होती, राळ सुकाक दोन दिवस कमी पडले. मगे तू कणकवलीक इलंस. होडयेत परत पाय ठेवलंस नाय. घराक इलंस तरी माझ्या तोंडाकडे बगी नाय होतंस. मी म्हटलंय, झिलाक समाजला. बापाशीन थोरल्या झिलाक बुडवल्यान, तां हेका समाजला. तेचो राग बरोबर आसा. मी खंयच्या तोंडान तुका इचारतलंय?"

ही सगळी वर्षं मी त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हतो, हे खरं. मला वाटायचं, बघितलं की त्यांना माझ्या डोळ्यांत तो सांधा दिसेल. आणि इकडे हा माणूस एकटा माडाखाली बसून माझी पाठ बघत होता आणि स्वतःला शिक्षा देत होता. आई मध्ये. महादूचा फोटो भिंतीवर. आम्ही दोघं सणावाराला एका पंगतीत बसून एकमेकांना मासळी वाढत होतो, आणि दोघांनाही वाटत होतं समोरच्याला माहीत आहे. मला एकदम मोकळं वाटायला हवं होतं. माझा सांधा समुद्रात गेलाच नव्हता. पंचवीस वर्षं मी जे वागवलं ते बाबांनी एका सकाळी उसवून माडाखाली फेकलं होतं. पण मोकळं वाटेना. ते ओझं त्यांच्याकडे होतं, आणि मी विचारलं असतं तर त्यांच्याकडेही ते इतके दिवस राहिलं नसतं.

"बाबा," मी म्हणालो, "माका ठावकच नाय होता. माका वाटा होता, तो माझोच सांदो. मी भरलेलो. तां तुमका सांगूचा म्हणान मी... म्हणानच मी बगी नाय होतंय."

त्यांनी मान वर केली. मोतीबिंदूच्या डोळ्यांना मी किती दिसलो देव जाणे, पण ते माझ्याकडे बघत राहिले. ओठ हलले. मग हिशेब लागत नसल्यासारखे म्हणाले,

"पंचवीस वर्सां?"

"होय."

"मेल्या," बाबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला, "इचारूचा तरी!"

त्यांनी पुढे वाकून माझ्या डोक्यावर एक टप्पल मारली, लहानपणी मारायचे तशी, आणि हात तिथेच राहिला. स्पिरिटचा वास येणारा, खरबरीत, हलका झालेला हात. मी रडलो. गोणपाटावर मांडी घालून, शर्टाच्या बाहीनं नाक पुसत रडलो, आणि बाबाही रडले, पण त्यांचं रडणं कोरडं, खोकल्यासारखं होतं. बादलीत मामलेदार एका जागी फिरत होता. पुष्कळ वेळानं मी म्हणालो, "सांदो गेलो ह्या तरी कोणी बगितला, बाबा? होडी खंय गावली? वारो होतो. सगुण घाबारलेलो. फळीच फुटली आसात." ते म्हणाले, "आसात." ते पटून म्हणाले की माझ्यासाठी म्हणाले, ते मला कळलं नाही, पण त्यांनी तो शब्द उच्चारला आणि थोड्या वेळानं पुन्हा एकदा, स्वतःशीच, उच्चारला.

मग आम्ही तो कोपरा साफ केला. पातं मोडून त्याचं टोक काडीला बांधलं आणि राहिलेला डाळीएवढा तुकडा काढला. स्पिरिटनं दोनदा पुसलं. मी जोडाच्या दोन्ही बाजूंना कागदी पट्टी चिकटवली आणि बंदूक बाबांसमोर धरली, कारण चांगली रेघ त्यांच्याच हातून येणार होती, हात थरथरत असला तरी. त्यांनी ती घेतली नाही. "तू वढ," ते म्हणाले, "मी बगणंय नाय." आणि खरोखरच भिंतीचा आधार घेत उठले, खुर्चीत जाऊन बसले आणि तोंड खिडकीकडे केलं. मी रेघ ओढली. आतून, चारही जोड, न थांबता. बोट ओलं करून ती दाबत नेली. वास तोच आंबट, पण आता घर आपलं वाटण्याइतका ओळखीचा. शनिवारभर आम्ही पेटीला हात लावला नाही. शनिवारी दिवसभर मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होतो, बाबा उठून नख फिरवतात का. ते पेटीवरून संडासाला गेले, आले, तपकीर ओढली, मामलेदाराला बादलीत दाणे घातले. पेटीकडे वळले नाहीत.

रविवारी संध्याकाळी पाणी भरलं, मामलेदाराला सोडलं. सुगंधा प्रसादाचे वडे घेऊन आली, पेटीखाली पसरलेल्या वर्तमानपत्राकडे बघितलं आणि आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे बघितलं. म्हणाली, "काय झाला तुमका?" बाबा म्हणाले, "काय नाय. तुझ्या घोवाक पेटी भरूक येता."

सोमवारी सकाळी मी मोजे घालून बाहेर आलो. दाराशी बूट होते. पेटीकडे जायचं धाडस होईना, म्हणून मी उगीच डबा बंद झालाय की नाही ते बघत राहिलो. बाबा आतून आले. रोज सपाता घालून येतात, लादी गार लागते म्हणून कुरकुर करतात. आज पाय उघडे होते. ते वाकले नाहीत, कोपरा चाचपला नाही, वर्तमानपत्राकडे बघितलंही नाही. खुर्ची ओढून पेटीला अगदी चिकटून ठेवली, बसले, आणि जिथे मंगळवारी माझा मोजा भिजला होता नेमक्या त्याच जागी दोन्ही अनवाणी पावलं टेकवली. मग डोळे मिटले आणि म्हणाले, "सुगंधा, चाय हाड गो."

चहा येईपर्यंत, पिऊन होईपर्यंत आणि त्यानंतरही त्यांनी पाय हलवले नाहीत.